टोपड्याचे माप : क्रोशाच्या भेटीविषयी काही टिपणे

२०२१ च्या डिसेंबरात आम्ही आठ बायकांनी विणलेली चाळीस टोपडी एका दवाखान्यातून परत आली. परत करणाऱ्या सिस्टर स्वभावाने फार चांगल्या होत्या. त्यांनी पिशवीतले एक टोपडे काढले, आपल्या मुठीवर चढवले आणि म्हणाल्या, "ताई, आमच्या खोलीतलं लेकरू एवढंच असते. हे टोपडं त्याच्या नाकावर येते."

टोपडे मुठीवरून मनगटापर्यंत घसरले. त्याला वर गोंडा होता, खाली बांधायला नाडी होती, कडेला मोत्यांची झालर होती. विणताना आम्हाला ते फार देखणे वाटले होते.

ही टोपडी आम्ही का विणली, ते भंडाऱ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्याच वर्षी ९ जानेवारीला पहाटेपूर्वी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचवता आली. त्या आगीचा आणि टोपड्यांचा काही संबंध नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस गावातल्या बायका एकमेकींच्या ओट्यावर नुसत्या बसून असत. हाताला काहीतरी हवे होते, म्हणून आम्ही विणायला घेतले. त्यामुळे पिशवी परत आली तेव्हा मला आधी राग आला, आणि घरी येईपर्यंत त्या रागाची लाज वाटू लागली. सिस्टर बरोबर होत्या. आम्ही आमच्या मनासाठी विणले होते. बाळाचे डोके मोजायला कुणी गेलेच नव्हते.

हा लेख त्या पिशवीतून निघाला आहे. मी बी.ए. पर्यंत शिकले. संशोधनाची पद्धत कुणाकडून शिकण्याचा योग आला नाही. वही, शिंप्याची टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ग्रंथालयातून आणलेली पुस्तके एवढीच माझी साधने. ती घेऊन गेली काही वर्षे मी आमच्या जिल्ह्यातल्या घरांतून क्रोशाच्या वस्तू पाहत, मोजत, उसवत आले आहे. हातची भेट कशाने चांगली ठरते, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता.

एक फास, एक सुई

आधी क्रोशा म्हणजे काय ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आमच्या भागात हिंदीच्या शेजारामुळे त्याला 'क्रोशिया'ही म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा.

दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. सुई निसटली की टाके गळतात. क्रोशात मात्र एका वेळी बहुधा एकच फास जिवंत असतो. आकड्याने दोरा ओढायचा, फासातून काढायचा, नवा फास तयार. असे एकापुढे एक फास काढले की साखळी. साखळीत सुई घालून आखूड टाका घेतला की मुका खांब. सुईला दोऱ्याचा एक वेढा देऊन उंच टाका काढला की खांब. बहुतेक सगळी क्रोशाची वीण या तिघांच्या हिशोबातून निघते.

या रचनेचे दोन परिणाम आहेत. पहिला असा, की हे काम कुठेही थांबवता येते. भात उतू जाऊ लागला, दारात कुणी आले, पोर रडले, तर त्या एका फासात सुई अडकवून उठायचे. परत आल्यावर काम तिथेच थांबलेले असते. ज्या बाईच्या दिवसाचे तुकडे दुसऱ्यांनी पाडलेले असतात, तिला असे काम सोयीचे पडते. क्रोशा घरोघरी रुजला त्याचे हे एक मोठे कारण मला वाटते.

दुसरा परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. कापड विणायला माग आहे, स्वेटर विणायला यंत्र आहे, पण खऱ्या क्रोशाचे कापड काढणारे यंत्र कारखान्यांत अजून रुळलेले नाही. बाजारात ज्याला क्रोशा-यंत्र म्हणतात त्यातून निघणारी झालर दिसायला तशी असली तरी तिची वीण वेगळी असते. म्हणजे दुकानात क्रोशाची खरी वस्तू दिसली, ती कितीही स्वस्त असो, की तिच्यातला प्रत्येक टाका कुणाच्या तरी बोटांनी घातलेला आहे असे समजावे.

एक व्यवहारी सूचना इथेच करून ठेवते. इंग्रजी नमुन्यांत ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन परिभाषा आहेत आणि एकच नाव दोन्हीकडे वेगवेगळ्या टाक्यांना दिलेले आहे. ब्रिटिश पुस्तकातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन पुस्तकातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब. नमुना कुठला हे न पाहता विणले की वस्तू दुप्पट उंच होते किंवा निम्मी राहते. मराठी नावांत हा घोटाळा नाही. आपल्या आज्या-मावश्यांनी नावे मोठी नेमकी ठेवली.

आलेली कला

क्रोशा आपल्याकडे फार जुना असावा अशी समजूत आहे. पण खुद्द युरोपातही तो फार जुना नाही. लिस पालुदान या डॅनिश अभ्यासक स्त्रीने पुष्कळ शोध घेतला. १८०० च्या आधी युरोपात क्रोशा होता असा खात्रीचा पुरावा त्यांना सापडला नाही. छापील नमुने दिसू लागतात ते १८२० नंतरच्या दशकात, 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात.

नंतर तो झपाट्याने पसरला, आणि त्यात दुष्काळाचा हात होता. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने गेले. माणसे उपासमारीने मरू लागली, तेव्हा मठांतल्या ननांनी आणि काही सुखवस्तू स्त्रियांनी शेतकऱ्यांच्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. ती विकून कितीतरी घरांत धान्य आले. जवळपास त्याच दशकात मिशनऱ्यांनी आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाकडे लेसचे काम नेले. त्यातून नरसापूरचा क्रोशा उभा राहिला. गोव्यात पोर्तुगीज आणि चर्चच्या वाटेने तो ख्रिस्ती घरांत आला. इकडे पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले आणि शिवण-भरतकाम हे बाईला स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण म्हणून पाहिले जाऊ लागले.

आमच्या जिल्ह्यात क्रोशा नेमका कोणत्या बाईच्या हातून आला हे शोधण्यात फार अर्थ नाही, कारण तो अनेक वाटांनी आला. शाळेतल्या बाईंनी आणला, नागपूरहून नांदायला आलेल्या सुनांनी आणला. जवाहरनगरच्या आयुध निर्माणी वसाहतीत देशभरातून कुटुंबे आली. तिथल्या बंगाली आणि मल्याळी शेजारणींकडून उचललेले नमुने मी भंडारा शहरातल्या घरांत पाहिले आहेत. नमुना शिकवताना भाषेची अडचण आली नाही, कारण टाके बोटांनी मोजून दाखवता येतात.

मी पाहिलेल्या जुन्या वस्तूंत लोकरीच्या कमी आणि सुती दोऱ्याच्या जास्त आहेत. आमच्याकडे थंडी कडक असली तरी दोन-अडीच महिन्यांचीच. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो. म्हणून इथली बाई स्वेटरपेक्षा दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, देव्हाऱ्याचा पडदा, रेडिओचे आणि पुढे टीव्हीचे आवरण विणत आली.

रुखवतातला हंस

या वस्तूंचे मोठे प्रदर्शन म्हणजे रुखवत. लग्नाच्या मांडवात लाडू-चकल्यांच्या शेजारी क्रोशाचा हंस, पोपटांची जोडी, बाटलीवर चढवलेले द्राक्षांचे घड आणि मधोमध मोठा टेबलक्लॉथ मांडला जाई. मुलगी किती हुशार, किती चिकाटीची, हे त्यावरून वराकडच्यांनी ओळखायचे. बऱ्याचदा त्यातला अर्धा माल आईने, मावशीने आणि शेजारच्या काकूंनी विणलेला असे. ते सगळ्यांना माहीत असे आणि कुणी बोलत नसे.

मी जिथे जिथे रुखवताच्या वस्तू पाहायला मागितल्या, तिथे त्या कपाटातून, प्लास्टिकच्या पिशवीतून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाहेर आल्या. बहुतेक एकदाही वापरलेल्या नव्हत्या. उलट ज्या वस्तू वापरून विरल्या होत्या, त्या साध्या होत्या. दुपटे, कानटोपी, पाण्याच्या तांब्यावरची जाळी. एका घरात चार मुलांच्या डोक्यावरून गेलेले टोपडे होते. त्याचा मूळ रंग कुणालाच आठवत नव्हता.

दाखवायची वस्तू आणि वापरायची वस्तू हा फरक मला इथे पहिल्यांदा दिसला. दाखवायच्या वस्तूचे माप विणणारीच्या हुशारीवर ठरते. वापरायच्या वस्तूचे माप दुसऱ्याच्या अंगावर घ्यावे लागते. आमची चाळीस टोपडी दवाखान्यासाठी होती, पण विणली होती रुखवतासारखी.

बसल्या बसल्याचे काम

भंडारा हा बायकांच्या हातांवर चालणारा जिल्हा आहे. इथे विड्या वळल्या जातात, कोशाचे सूत निघते, भाताची रोवणी होते. विडीचा हिशोब हजारावर होतो, रोवणीचा दिवसावर. क्रोशाचा हिशोब कशावरच होत नाही.

पवनीकडच्या एका आजींना मी विचारले, हे काम किती वर्षे करता? त्या हसल्या. "काम काहून म्हनतेस वं? हे तं बसल्या बसल्याचं हाये." त्यांच्या मांडीवर चाळीस नंबरच्या दोऱ्याचा रुमाल होता. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. चाळीस नंबरवर एक मिलिमीटरच्या आसपासची पोलादी सुई चालते, आणि डोळ्यांवर फार ताण येतो. तसाच रुमाल मी घरी घड्याळ लावून विणला. रोज जमेल तसे बसत मला बासष्ट तास लागले. साधे सुती टोपडे मात्र दोन-अडीच तासांत होते.

'बसल्या बसल्याचं' या शब्दाची किंमत मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने दाखवून दिली. त्यांचे 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ साली आले. नरसापूर भागातल्या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास लेस विणत. तो माल परदेशी जाई, व्यापारी श्रीमंत होत. पण बायकांना कामगार कुणी म्हणत नसे. त्या गृहिणी, आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, अशीच समजूत होती. त्या स्वतःही तसेच म्हणत. त्यामुळे मजुरी अगदी नाममात्र राहिली. नरसापूरच्या क्रोशाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. कलेचे नाव झाले ही चांगलीच गोष्ट. पण मानांकनामुळे तासांची मजुरी आपोआप वाढत नाही.

भेटीला मजुरी नसते, हे मला मान्य आहे. भाचीच्या बाळाला दुपटे द्यायचे तर त्याचे बिल कोण लावेल? पण देणारीने निदान स्वतःशी तरी तास मोजावेत. मोजले की दोन गोष्टी होतात. 'घरीच केलंय, काही विशेष नाही' असे म्हणत वस्तू पुढे सरकवण्याची सवय सुटते. आणि इतके तास ज्याच्यासाठी घालवायचे, त्याला नेमके काय हवे आहे हे विचारावेसे वाटू लागते.

आधी विचारा

विचारण्याची ही रीत नवी नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी विणणाऱ्या बायकांना रेडक्रॉसने छापील नमुने आणि मापे दिली होती. पायमोज्याच्या आत जाड शिवण राहिली तर चालून चालून सैनिकाच्या पायाला फोड येतात, आणि फोड आलेला सैनिक निकामी होतो. १९६२ च्या चीन युद्धात आपल्याकडेही घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले. आमच्या आई सांगत, की त्यांच्या वर्गात बाईंनी फळ्यावर छातीचे आणि बाहीचे माप लिहून दिले होते आणि 'वेलबुट्टी नको' अशी ताकीद दिली होती.

टोपडी परत आल्यावर आठवडाभराने मी टेप घेऊन त्याच सिस्टरकडे गेले. त्यांनी सांगितलेले आणि नंतर वाचून पडताळलेले इथे देते.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३३ ते ३७ सेंटिमीटर असतो. दीड किलो वजनाच्या बाळाचा असतो २८ च्या आसपास. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे धरतात. अशा बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे उघड्या डोक्यावाटे त्याची ऊब लवकर जाते. म्हणून टोपडे ही त्याच्यासाठी हौसेची वस्तू नसते. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूसारखी ही पद्धत आता जगभर आणि आपल्याकडेही वापरतात. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपडे एवढेच असते.

टोपड्याचा माथा म्हणजे एक सपाट वर्तुळ. मुक्या खांबाने विणताना सहा टाक्यांवर सुरुवात करायची आणि प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे. वर्तुळाचा व्यास किती हवा? घेराला ३.१४ ने भागावे. ३५ सेंटिमीटरच्या डोक्याला ११, आणि २८ च्या डोक्याला ९. वीण ताणली जाते म्हणून यातूनही अर्धा सेंटिमीटर कमी धरावा. तिथे वाढ थांबवली की भिंत आपोआप खाली उतरू लागते. आम्ही आमची वर्तुळे साडेबारापर्यंत नेली होती. सहा महिन्यांच्या गुबगुबीत नातवाचे डोके आमच्या डोळ्यांपुढे होते.

नाडी नको, ती गळ्याशी येते. गोंडा, मणी, बटण नको, ते सुटून तोंडात जाते. जाळीची वीण नको. तिच्यात बोट अडकते, आणि सैल दोरा बोटाभोवती आवळला तर रक्त थांबते. म्हणून दाट मुका खांब, आणि दोऱ्याची टोके आत पक्की ओवलेली.

आता दोरा. आपण दुकानात 'लोकर द्या' म्हणतो आणि दुकानदार जे देतो ते बहुधा ॲक्रिलिक असते, मेंढीशी त्याचा संबंध नसतो. ते स्वस्त, रंगीत आणि मऊ असते, पण घाम शोषत नाही, आणि गरम पाण्यात आकार सोडते. आग लागली तर वितळून चिकटते. दवाखान्यातले कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात. सुती दोरा ते सहन करतो. आमच्याकडे तर सुतीच बरे. शिवाय एप्रिल-मे मध्ये टोपडे भेट देऊच नये. झाकून ठेवलेले बाळ उन्हाळ्यात तापते, आणि ते थंडीइतकेच वाईट.

मोठ्यांची डोकी

विचारायची सवय लागल्यावर आणखी दारे उघडली. आमच्याकडची कर्करोगाची पुष्कळ माणसे उपचारासाठी नागपूरला जातात. केमोथेरपीने केस गेले की डोक्याची कातडी फार हुळहुळी होते. अशा टोपीला आतून गाठ किंवा शिवण चालत नाही. गुलाबी फुलांची टोपी आम्ही एका ओळखीच्या बाईंना दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला साधी काळी विणून द्या. बसमध्ये कुणी वळून पाहू नये." आम्ही काळी विणली.

स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी सुती दोऱ्याचे हलके, धुता येणारे कृत्रिम स्तन विणून मोफत देण्याचा 'निटेड नॉकर्स' हा उपक्रम अमेरिकेत सुरू झाला. भारतातही स्वयंसेविका तो चालवतात. त्यात माप आणि भरणीचे वजन घेणारीला विचारूनच ठरते. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ ला 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण जोडून गिनेसचा विक्रम केला. मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. विक्रम मोजून झाल्यावर ते पांघरूण सोडवले आणि तुकडे गरजूंना वाटले. मांडवातले रुखवत उठून कामाला लागावे, तसेच ते झाले.

परत आलेली चाळीस टोपडी आम्ही टाकली नाहीत. गोंडे आणि झालरी कापून शेवटचा फास मोकळा केला आणि दोरा ओढला. क्रोशाची ही एक मोठी सोय आहे. तो शेवटच्या फासावर बांधलेला असतो, तो सुटला की सगळे काम सरळ दोरा होऊन हातात येते. त्या ॲक्रिलिकची आम्ही चौकटी पांघरुणे केली आणि ती थंडीत दवाखान्याबाहेर मुक्कामाला असणाऱ्या नातेवाइकांना दिली. रात्रभर बाकावर बसणाऱ्या माणसाला माप लागत नाही, जाडी लागते.

टोपडी मात्र नव्याने, सुती दोऱ्याची विणली. दर वर्षी भाऊबीज झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, की आम्ही बसतो. प्रत्येकीच्या पिशवीत पुठ्ठ्याच्या दोन चकत्या असतात, एक साडेआठ सेंटिमीटरची आणि एक साडेदहाची. माथा विणून झाला की चकतीवर ठेवून पाहायचा. मोठा झाला तर उसवायचा, कितीही सुबक झाला असला तरी.

गेल्या माघात सिस्टरांनी एक टोपडे पुन्हा मुठीवर चढवून पाहिले. ते तिथेच बसले. त्यांनी पिशवी ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "लहान मापाची अजून वीस द्या ताई, मोठी पुरे झाली."